साडेपाच हजारांचं गोल्ड पॅकेज आणि रकान्यात न बसणारा पंथ

लग्न जुळवणाऱ्या एका मोठ्या ॲपचं तीन महिन्यांचं गोल्ड पॅकेज मी घेतलं होतं. साडेपाच हजार रुपये. ॲपचं नाव लिहीत नाही. या धंद्यातले सगळे एकाच माळेचे मणी, एकट्याच्याच डोक्यावर खापर कशाला फोडायचं. ज्यांना जोडीदार आपल्याच श्रद्धेचा हवाय आणि ती श्रद्धा ॲपच्या यादीत सापडत नाही, अशांनी हा रिव्ह्यू वाचावा. 'हिंदू, शाकाहारी, सरकारी नोकरी' एवढ्यावर ज्यांचं भागतं त्यांना ॲप चांगलं आहे, त्यांनी खुशाल घ्यावं.

मी अमळनेरला पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, गाव पारोळा तालुक्यात. आमचं घर महानुभाव पंथाचं, आणि मी उपदेशी आहे, म्हणजे गुरूकडून पंथाचा उपदेश घेतलेली. खान्देशात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही असं मला वाटायचं, कारण आमच्याकडे गावागावात पंथाची घरं आहेत आणि 'दंडवत प्रणाम' म्हटलं की समोरचा ओळखतो. ॲपवर आल्यावर कळलं की पुण्यात नोकरीला गेलेल्या आपल्याच जळगावच्या मुलांनाही माहिती नसते. तर थोडक्यात: आम्ही परमेश्वराचे पाच अवतार मानतो. श्रीकृष्ण, श्रीदत्तात्रेय, श्रीचक्रपाणी, श्रीगोविंदप्रभू आणि श्रीचक्रधर स्वामी. दुसऱ्या कुठल्या देवतेची पूजा नाही, नवस नाही, अंगात येणं नाही, बळी तर नाहीच. मांस आणि दारू वर्ज्य. हे कडक वाटत असेल तर वाटू द्या, मला त्यात मोकळं वाटतं. घरात कुणी आजारी पडलं तर कोणत्या देवाचं काय राहिलं असेल याचा हिशोब आमच्याकडे कुणी करत बसत नाही, सरळ दवाखान्यात जातात.

आता ॲप. नोंदणी फुकट आहे. पैसे भरले की समोरच्याचा फोन नंबर दिसतो, तोही ठरावीक संख्येपर्यंत. फॉर्म लांबलचक आहे. धर्म, जात, पोटजात, गोत्र, रास, नक्षत्र, मंगळ, उंची, रंग, पगार, आहार. पंथ किंवा संप्रदाय असा रकानाच नाही. धर्मात 'हिंदू' निवडलं. कायद्याने ते बरोबरच आहे, आमची लग्नं 1955 च्या हिंदू विवाह कायद्यानेच होतात. पण त्या एका शब्दाखाली इतकी घरं येतात की चाळणीतून काहीच खाली पडत नाही, सगळं वरच राहतं. कस्टमर केअरला फोन लावला. पलीकडची मुलगी गोड बोलायची.

"मॅडम, महानुभाव ही जात आहे का?"

"नाही."

"मग पोटजात?"

"नाही ताई, पंथ आहे. त्यात सगळ्या जाती आहेत."

"मग मॅडम, 'इतर' टाकू?"

मी नको म्हटलं. 'इतर' टाकलं की उरलंसुरलं सगळं त्यात येतं. शेवटी 'माझ्याबद्दल' या चौकोनात चार ओळी लिहिल्या. तो चौकोन कुणी वाचत नाही हे मला पहिल्या काही फोनांतच कळलं. फोटो बघतात, पगार बघतात, फोन लावतात.

मंगळाच्या रकान्याची तर गंमतच आहे. मी राहते अमळनेरला, जिथं मंगळग्रहाचं मंदिर आहे आणि मंगळ असलेली मुलंमुली कुठून कुठून शांतीला येतात. मंगळवारी रिक्षाला जागा मिळत नाही. आमच्या घरात मात्र माझ्या पत्रिकेत मंगळ आहे की नाही हे कुणी पाहिलेलंच नाही, कारण ग्रहांना हात जोडायचे नसतात तर पाहून करायचं काय? मी रकाना रिकामा ठेवला. ॲपने तो आपोआप 'माहीत नाही' असा भरला आणि त्यावरून कित्येक घरांनी 'मुलीकडचे काहीतरी लपवताहेत' असा अर्थ काढला. धुळ्याच्या एका काकांनी तर फोनवर स्पष्टच विचारलं, "कडक आहे का सौम्य?"

मला खरा उपयोग झाला तो आहाराच्या रकान्याचा, आणि तोही अर्धाच. खान्देशात मुलगा 'शाकाहारी' लिहितो त्याचे प्रकार असतात. एक जन्मापासूनचा. दुसरा माळकरी. तिसरा घरात शाकाहारी, बाहेर धाब्यावर काळ्या मसाल्याचं मटण. चौथा श्रावणापुरता. ॲपवर चौघांसमोर एकच हिरवा ठिपका. मी पहिल्या फोनवरच विचारायला लागले, "शेतावर पार्टी असते तेव्हा तुम्ही काय खाता?" या एका प्रश्नाने जेवढी चाळणी लागली तेवढी साडेपाच हजारांनी लागली नाही. विचारून बघा, समोरचा क्षणभर थांबला की समजून घ्यायचं.

दोन स्थळांबद्दल मात्र सविस्तर लिहिते.

पहिलं शिरपूरकडचं. मुलगा इंजिनियर, बोलायला साधा, निर्व्यसनी, खरोखरचा शाकाहारी. आत्या म्हणाली, "पोऱ्या चांगला शे, आते काय पाहिजे तुले?" आमचं बोलणं छान चालू होतं. मग त्याच्या आईचा फोन आला. त्यांच्याकडे कानबाई बसते. खान्देशाबाहेरच्यांसाठी सांगते: श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाला नथ, दागिने घालून देवी बसवतात, रोट करतात, सोबत पुरणपोळी, खीर, गंगाफळाची भाजी. रोट भाऊबंदकीतच खायचे, बाहेर द्यायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी वाजतगाजत विसर्जन. पुण्या-सुरतेला गेलेली पोरंसुद्धा त्या दिवशी गावी येतात. लहानपणी शेजारच्या कानबाईची मिरवणूक मी पण कट्ट्यावर बसून पाहिली आहे, त्या सणाबद्दल माझ्या मनात तेढ नाही. त्या माउली म्हणाल्या, मोठ्या सुनेनंतर रोटाचा मान धाकट्या सुनेकडे येणार. मी म्हटलं, "काकू, पीठ मळेन, रोट भाजेन, शंभर माणसांचं जेवण काढेन. फक्त पूजेला बसणार नाही."

त्या हसून म्हणाल्या, "तू काई पूजा करू नको माय, नुसता हात जोडजो. हात जोडाले काय जास?"

त्या प्रेमानेच म्हणाल्या होत्या, म्हणून जास्त अवघड झालं. भांडल्या असत्या तर सोपं होतं. हात जोडायला काय जातं याचं उत्तर फोनवर देता येत नाही. आमच्याकडे सगळं त्या हात जोडण्यातच आहे. एका परमेश्वराला धरलं म्हणजे बाकी ठिकाणी जोडायचे नाहीत, एवढी एकच गोष्ट तर पाळायची असते. मुलगा म्हणाला, "आईला मी समजावतो." समजावलं असेल किंवा नसेल. हळूहळू मेसेज कमी झाले. त्याच्यावर माझा राग नाही. त्याच्या जागी मी असते तर आईला दुखावलं असतं का, सांगता येत नाही.

दुसरं स्थळ चाळीसगावकडचं, माळकरी घर. मुलगा दरवर्षी मुक्ताईनगरहून निघणाऱ्या मुक्ताईच्या पालखीत काही मुक्काम चालतो. सुट्टी मिळेल तेवढं. त्याच्याशी मला बोलायला सगळ्यात जास्त आवडायचं. त्याला आमच्या पंथाचं तीर्थ रिद्धपूर माहीत होतं, आणि तेही तिथं मराठीचं विद्यापीठ झालं म्हणून नव्हे, त्याआधीपासून. लीळाचरित्र म्हाइंभटांनी लिहिलं हे त्याला परीक्षेपुरतं नाही, खरोखर माहीत होतं. दारू नाही, मांस नाही, गीता दोघांचीही. तो म्हणायचा, "तुमचा कृष्ण आणि आमचा विठ्ठल एकच की. अडचण कुठे आहे?"

त्याच्या बाजूने अडचण नव्हतीच. वारकऱ्याला कृष्ण चालतो. महानुभावाला पंढरपूर चालत नाही, हे त्याला सांगताना मलाच कानकोंडं झालं. आम्ही पुष्कळ बोललो. पत्रिकेवर गणपती छापायचा की नाही, देवघर एक की दोन, मुलं झाली तर त्यांनी उपदेश घ्यायचा की माळ. देवघरावर येऊन गाडी अडायची. एका घरात दोन देवघरं चालतील असं तो म्हणाला, मी म्हटलं, चालतीलही, पण मग आपण दोघं सकाळी वेगवेगळ्या खोल्यांत असू. त्याने यावर लगेच काही उत्तर दिलं नाही, आणि त्याबद्दल मला त्याचा आदर वाटतो. बाकीचे लगेच 'ॲडजस्ट करू' म्हणतात.

ही दोन्ही माणसं मला ॲपमुळेच भेटली, हे मान्य करायला हवं. माझ्या ओळखीच्या वर्तुळात ती कधी आली नसती. पण ॲपच्या हिशोबात दोघंही माझ्याशी '92 टक्के जुळणारे' होते. हा आकडा कशावरून काढतात कुणास ठाऊक. मला वाटतं उंचीवरून.

'व्हेरिफाइड' शिक्क्याबद्दलही सांगते. 2016 मध्ये केंद्र सरकारने अशा वेबसाइट्ससाठी सूचना काढल्या आहेत, त्यात वापरणाऱ्याची ओळख तपासण्याचंही आहे. माझ्या बाबतीत मोबाइलवर ओटीपी आला, तो टाकला आणि मी व्हेरिफाइड झाले. कुणी कागद मागितला नाही. समोरच्याचंही तसंच असणार असं धरून चाला आणि नोकरी, घर, आधीचं लग्न याची चौकशी स्वतः करा. गावातल्या ऑफिसवाल्या विवाह मंडळात नाव घालणार असाल तर नोंदणी प्रमाणपत्र दाखवा म्हणावं. 1998 च्या राज्याच्या कायद्याने विवाह मंडळांना नोंदणी करावी लागते. प्रमाणपत्र मागितल्यावर लगेच चहा मागवणारे लोक मी पाहिले आहेत.

आता तुलनेसाठी पंथाचा वधू-वर परिचय मेळावा. फी ॲपच्या मानाने नगण्य, त्यात जेवण आणि छापील परिचय पुस्तिका. मंगल कार्यालयात आधी गीतापाठ, मग दोन शब्द, मग माइकवर एकेक करून उभं राहायचं. नाव, शिक्षण, गाव, अपेक्षा. मुलं अपेक्षा सांगताना 'मुलगी संस्कारी हवी' म्हणतात, मुली 'समजून घेणारा' म्हणतात, त्यापलीकडे कुणी जात नाही. पण इथं मला काहीच समजावून सांगावं लागलं नाही. मंगळ कुणी विचारला नाही. 'उपदेश कुणाकडे घेतला?', 'जाळीच्या देवाला (हे आमचं एक तीर्थ) कधी जाता?' अशी सुरुवात होते आणि पुढचं बोलणं आपोआप सोपं होतं. ज्या गोष्टीवर शिरपूरचं मोडलं तो प्रश्न इथं उद्भवतच नाही.

मी खुशीत पुस्तिका उघडली आणि पाहते तर आत जातवार पानं. आधी एका जातीची मुलं, मग दुसरीची, मग तिसरीची. ज्या स्वामींनी जातीची उतरंड मानली नाही, त्यांच्या नावाने भरलेल्या मेळाव्याची ही पुस्तिका. मला आवडलेला एक मुलगा, यावलकडचा, शाळेत शिक्षक, मागच्या पानांत होता. आमचं पान पुढचं. आमच्या आश्रमातल्या बाईजींना मी विचारलं, बाईजी, हे कसं? त्या म्हणाल्या, "पोरी, उपहाराला सगळे एका पंगतीत बसतात. मांडवात बसायला अजून तयार नाहीत." त्यांनी ते लपवलं नाही, हे बरं वाटलं. आईला विचारलं तर ती म्हणाली, आधी तुझ्या बाबांशी बोल. बाबा म्हणाले, आधी काकांशी बोलावं लागेल. म्हणजे ॲपला पंथ कळत नाही आणि पंथवाल्यांना जात सुटत नाही, असा माझा दोन्हीकडून हिशोब आहे.

पुस्तिकेबद्दल आणखी एक सावधगिरी. ती पीडीएफ होऊन व्हॉट्सॲपवर कुठल्या कुठे फिरते. त्यात मुलींनी स्वतःचा नंबर देऊ नये, वडिलांचा किंवा भावाचा द्यावा. रात्री साडेअकराला 'हाय जी' म्हणणारे महाभाग पंथातही आहेत.

तारे द्यायचे तर ॲपला पाचपैकी दोन. एक तारा चाळीसगावकरासाठी, दुसरा फोटो लपवायची सोय चांगली आहे म्हणून. पॅकेज संपताना 'रिलेशनशिप मॅनेजर'चा फोन आला होता, "मॅडम, अपेक्षा थोड्या कमी केल्या तर पन्नास टक्के सूट देतो." घेतली नाही. मेळाव्याला साडेतीन. अर्धा तारा वरणबट्टीचा आहे, बट्टी आतपर्यंत भाजलेली होती आणि तुपाला हात आखडला नव्हता.

पुढच्या मेळाव्याचा फॉर्म आईने आणून ठेवलाय. मी भरला. जातीच्या रकान्यात रेघ मारली आणि फोटो डकवून आश्रमात नेऊन दिला. पुस्तिका छापणाऱ्यांचा फोन आलाच, "ताई, तुमचं पान कुठे लावायचं?" म्हटलं, यावलच्या शेजारी लावा.