वरची स्लीव्ह सोलली आणि खाली दुसरीच निघाली : नकली कॅपॅसिटरचा अनुभव

आधीच सांगतो, मी नवशिका नाही. फुगलेले कॅपॅसिटर (वीज साठवून व्होल्टेज स्थिर ठेवणारे छोटे उभे डबे) बदलून जुने मदरबोर्ड उठवायचा नाद मला बरीच वर्षं आहे आणि तरीही मला पद्धतशीर गंडवलं गेलं, म्हणून लिहितोय, नाहीतर लाजेखातर गप्पच बसलो असतो.

बोर्ड पेंटियम ४ चा, सॉकेट ४७८ वाला, २००३ च्या आसपासचा. त्या काळातल्या बोर्डांचं दुखणं ठरलेलं असतं. तेव्हा कितीतरी कंपन्यांनी स्वस्तातले पाण्यावर आधारलेल्या इलेक्ट्रोलाइटचे (म्हणजे आतल्या द्रवाचे) कॅपॅसिटर वापरले होते, त्यात पाण्याला आवर घालणारी रसायनं नीट नव्हती, मग आतल्या आत पाणी आणि ॲल्युमिनियमची जुंपायची, हायड्रोजन तयार व्हायचा आणि डोकं फुगायचं. माझ्या बोर्डावर प्रोसेसरशेजारच्या रांगेतले आठही गेलेले, एकाच्या डोक्यावरच्या चिरेतून तपकिरी खपली बाहेर आलेली. पंखे फिरायचे, डिस्प्ले नाही, तीन-चार वेळा रिसेट मारलं की मग कधीतरी बूट व्हायचा.

हवे होते ३३०० मायक्रोफॅरड, ६.३ व्होल्ट, १०५ डिग्रीपर्यंत तग धरणारे, लो ईएसआर, म्हणजे ज्यांचा आतला रोध कमी असतो असे. ऑनलाइन शोधले तर एका विक्रेत्याकडे दहाचं पाकीट दिसलं, नावाजलेल्या जपानी ब्रँडचं नाव, "ओरिजिनल, न्यू स्टॉक" असं लिहिलेलं आणि खाली पाच स्टारचा पाऊस. रिव्ह्यू वाचले तर काय, "डिलिव्हरी फास्ट", "पॅकिंग छान". तेव्हाच डोक्यात यायला हवं होतं की हे सगळे लोक पाकीट हातात आल्याआल्या स्टार देऊन मोकळे झालेत, दोन महिने वापरून कोणीच लिहिलेलं नाही.

पाकीट आलं. सोनेरी छपाई झकास. मल्टीमीटरवर एकेक मोजला, ३१५०, ३१९०, ३२१०, सगळे बरोबर. मी खूश. आणि नेमकं इथेच फसलो, कारण साधा मल्टीमीटर फक्त किती मायक्रोफॅरड ते सांगतो, ईएसआर सांगत नाही, आणि मदरबोर्डवर सगळा खेळ ईएसआरचाच असतो.

जुने काढताना घाम निघाला तो वेगळाच. प्लसचा पाय पटकन सुटतो पण ग्राउंडचा पाय आतल्या तांब्याच्या थरांना जोडलेला असतो, कितीही गरम करा, तो थर सगळी उष्णता पिऊन टाकतो, मग आधी ताजं शिशाचं सोल्डर घालायचं आणि एकदा हा पाय एकदा तो पाय असं हळूहळू डोलवत काढायचं. अख्खी दुपार गेली. पण पहिल्या फटक्यात बूट झाला आणि मी जग जिंकल्यासारखा फिरलो.

सहा आठवडे चालला. मग गेम मध्येच हँग, मग आपोआप रिस्टार्ट. रॅम बदलून पाहिली, पॉवर सप्लाय बदलून पाहिला, कारण नव्या कॅपॅसिटरवर शंका घ्यायची कशी? शेवटी बाजूचा पत्रा काढून टॉर्च मारला तर आठातल्या तिघांची डोकी वर आलेली. नवीन! सहा आठवडे!!

विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर आलं, "सर, माल ओरिजिनल आहे, तुम्ही पोलॅरिटी (प्लस-मायनस) उलटी लावली असेल." म्हटलं अहो, उलटा लावलेला कॅपॅसिटर सहा आठवडे काम करत नाही, तो थोड्याच वेळात फुगतो किंवा फुटतो. मग म्हणे सोल्डरिंग करताना जास्त तापवले असतील. मग म्हणे रिटर्नचे ३० दिवस संपलेत सर. आणि त्यानंतर काहीच नाही. हे ३० दिवसांचं गणित त्यांना पक्कं माहीत असतं असं माझं स्पष्ट मत आहे, असला माल पहिल्या महिन्यात सहसा मरत नाही.

मित्राकडून १०० किलोहर्ट्झवर मोजणारा एलसीआर मीटर आणला, हा ईएसआरही दाखवतो. पाकिटातला न वापरलेला एक लावला, ९० मिलीओहम. असल्या साइजच्या चांगल्या लो ईएसआर कॅपॅसिटरला पंधरा-वीसच्या घरात यायला पाहिजे. याच बोर्डावर रॅमजवळ दुसऱ्या कंपनीचा तेवढ्याच साइजचा एक न फुगलेला जुना होता, तो काढून मोजला तर २२. म्हणजे वीस वर्षं घासलेला म्हातारा या नव्यापेक्षा चौपट बरा!

मग फुगलेल्यातला एक घेतला आणि ब्लेडने स्लीव्हला, म्हणजे वरच्या छापील प्लास्टिकच्या आवरणाला, उभी चीर दिली. सोलतोय तर खाली चांदीसारखा डबा दिसायला हवा ना, खाली दुसरी स्लीव्ह! काळी, बारीक पांढरी अक्षरं, ३३०० मायक्रोफॅरड ६.३ व्होल्ट, आणि पुढे ८५ डिग्री. कंपनीचं नाव मी कधी ऐकलेलं नाही. साधा जनरल पर्पज माल, त्यावर जपानी नावाचा अंगरखा चढवलेला. बाकीचे उलटे करून बघितले तर बुडाचं रबरसुद्धा दोन प्रकारचं, काहींचं सपाट, काहींचं मधे खाच असलेलं, म्हणजे एकाच पाकिटात दोन वेगवेगळ्या ठिकाणचा माल.

असा माल रेडिओत किंवा साध्या सर्किटमध्ये कदाचित वर्षानुवर्षं चाललाही असता. पण प्रोसेसरजवळचा सप्लाय सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होतो, पेंटियम ४ चाळीस-पन्नास अँपिअर ओढतो, तो सगळा रिपल, म्हणजे करंटची चढउतार, या कॅपॅसिटरनी झेलायचा, ईएसआर जास्त की ते आतून तापणार, आणि तापले की उकडून मरणार.

आता मी रुबीकॉन, निचिकॉन, पॅनासॉनिक, निप्पॉन केमीकॉन यातलं कुठलंही नाव बघून भुलत नाही, कारण या सगळ्यांच्या नावाने नकली फिरतात. माउझर किंवा डिजी-की सारख्या अधिकृत डिस्ट्रिब्युटरकडूनच घेतो. महाग पडतं, आठ-दहा नगांसाठी शिपिंग अंगावर येतं, मान्य, म्हणून दोन-तीन बोर्डांचं एकदम मागवतो. डेटाशीट (कंपनीचा माहितीपत्रक-तक्ता) उघडून व्यास आणि उंची पट्टीने ताडून बघतो, सिरीज आणि व्होल्टेज जुळलं पण उंची पाच मिलिमीटरने कमी आहे असं दिसलं की समजायचं. आणि माल येईल त्याच दिवशी ईएसआर, दुसऱ्या दिवशी नाही. एलसीआर मीटर नसेल तर ते छोटे कंपोनंट टेस्टर मिळतात ते पण चालतील, अचूक नसतात पण पंधरा आणि नव्वद यातला फरक त्यांनाही कळतो.

बोर्ड वाचला, पण पूर्ण नाही. दुसऱ्यांदा काढताना एका ग्राउंडच्या भोकाचा पॅड (भोकाभोवतीचं तांब्याचं कडं) उचलला गेला, तिथे आता मागून वायर ओढलीय, दिसायला घाणेरडं आहे पण चालतंय. पाकिटातले उरलेले दोन नकली ड्रॉवरमध्ये आहेत. फेकले नाहीत, कचऱ्यातून कोणी उचलून परत कुठल्या बोर्डला लावायचा. पाय मुळापासून कापून ठेवलेत.