हीट पंप आठ महिने वापरून: दोष निघाला जिन्याखालच्या दारात

परवा सर्व्हिसवाला तिसऱ्यांदा आला आणि तेच सांगून गेला, "पावसात असंच होतंय साहेब, हवा गार असते." तिथंच माझं डोकं फिरलं.

नोव्हेंबरात २०० लिटरचा हीट पंप, म्हणजे हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणारं यंत्र, घेतला आणि जिन्याखाली बसवला. कसबा बावड्यात स्वतःचं घर, माणसं सात. गच्चीवर सोलर आहे, पण एकदा पाऊस लागला की त्याचं पाणी कोमटच. परसातला तांब्याचा बंब पेटवणं आईला आता झेपत नाही. पंपाला मी वेगळा मीटर लावलाय. थंडीत रोज पावणेतीन-तीन युनिट पडायचे. जुलैत एकदम सात! मशीनच खराब निघालं, असं मी चार जणांना सांगूनही बसलो होतो. ते आता मागे घेतो.

सात या आकड्यावरच अडलो. २०० लिटर पाणी २५ अंशांवरून ५५ वर न्यायला साध्या गीझरला तेवढेच युनिट लागतात. म्हणजे पंप झोपलेला आणि आतली बॅकअप कॉइल, म्हणजे गीझरसारखी थेट विजेवर तापणारी, सगळं काम करतेय. पॅनेलवर त्याचा साधा दिवासुद्धा लागत नाही, आणि याचा मला मनस्वी राग आहे. माणसाला बिल आल्यावर कळायचं?

आणि हवा गार कसली? हवेतली उष्णता शोषून घेणारा पंपातला १३४ए गॅस उणे २६ अंशांला उकळतो, त्याला कोल्हापूरची पावसाळी २२-२३ अंशांची हवा चांगली उबदारच. शिवाय दमट हवेतल्या वाफेचं पाणी होताना तीही उष्णता पंपालाच मिळते.

मग पंख्यापुढे हात धरला. गारेगार वारा, आणि तोच वळून परत आत जात होता. जूनमध्ये सर्व्हिसवाल्यांच्याच माणसाच्या सांगण्यावरून झड लागू नये म्हणून जिन्याखाली प्लायचं दार बसवलेलं. दार काढलं, जाळी लावली, वर पत्रा टाकला, कॉइल बंद केली. काल अडीच युनिट. नळीतून ठिबकणारं पाणी आई आता तुळशीला घालते.

परसदार असलेल्या, माणसांनी भरलेल्या घराला हे यंत्र जरूर घ्यावं. राजारामपुरीत बहिणीचा फ्लॅट आहे, तिला मात्र नको म्हटलं. गॅलरी काचेनं बंद, माणसं दोन, सकाळी दोन बादल्या पाणी. तिथं साधा गीझरच परवडतो.

तीन फेऱ्यांचे दीड हजार मी परत मागितलेत. पावत्या जपून ठेवल्यात.