क्रोएशिया, कोटोर की अल्बेनिया: दोघांच्या उन्हाळी सुट्टीसाठी कुठला किनारा घ्यायचा

आम्ही दोघं जूनच्या शेवटी निघालो ते जुलैच्या मध्यापर्यंत अठरा दिवस फिरत होतो. स्प्लिटला सुरुवात, मग एक रात्र बोस्नियातलं मोस्तार, तिथून दुब्रोव्हनिक, मॉन्टेनेग्रोतलं कोटोर आणि शेवट अल्बेनियात सारांदाला. परत आल्यापासून ओळखीतली तीन-चार जोडपी एकच विचारतायत, आमच्याकडे दहाच दिवस आहेत, यातलं काय ठेवू आणि काय गाळू. फोनवर प्रत्येकाला वेगवेगळं सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहूनच काढते.

दहा दिवसांत सगळं करायला जाऊ नका. नकाशात ही गावं हाताच्या अंतरावर दिसतात पण मधे डोंगर, वळणं आणि बॉर्डर. दुब्रोव्हनिक ते कोटोर जेमतेम नव्वद किलोमीटर असेल, आमची बस जुलैतल्या शनिवारी नुसती बॉर्डरवर अडीच तास उभी होती, बाहेर ऊन आणि आत एसी बंद, म्हणजे सबंध दिवसच गेला. दहा दिवसांत एक किनारा घ्या, फार तर दीड.

निवडताना फोटो बघून काही ठरत नाही, पाणी सगळीकडे तेवढंच निळं आहे. बघायचं हे की तुम्हा दोघांना जास्त त्रास कशाचा होतो, गर्दी आणि बिलाचा की वाट बघण्याचा आणि अनिश्चिततेचा. पहिल्याचा होत असेल तर अल्बेनिया, दुसऱ्याचा होत असेल तर क्रोएशिया, आणि दोघांपैकी एकाला हे आणि दुसऱ्याला ते असं असेल (आमचं तसंच आहे) तर कोटोर.

आधी व्हिसा, कारण आपल्या पासपोर्टवर अर्धा निर्णय तिथेच होतो. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणारा युरोपातल्या देशांचा गट) आहे आणि युरोही त्याच दिवशी आला, त्यामुळे शेंगेन व्हिसा लागतो. मॉन्टेनेग्रो, बोस्निया, अल्बेनिया शेंगेनमध्ये नाहीत, पण व्हॅलिड शेंगेन व्हिसा असला तर थोड्या दिवसांसाठी वेगळा व्हिसा न काढता आत घेतात. मात्र बोस्नियाला तो मल्टिपल एंट्री लागतो, आणि अल्बेनियाला मल्टिपल एंट्री शिवाय आधी एकदा वापरलेलाही. म्हणून वरून खाली या, आधी क्रोएशिया, शेवटी अल्बेनिया. उलटं केलंत आणि कोरा व्हिसा घेऊन थेट तिरानाला, म्हणजे अल्बेनियाच्या राजधानीत, उतरलात तर अडचण येऊ शकते. नुसतं अल्बेनियाच करायचं असेल तर त्यांचा ई-व्हिसा आहे. आणि सिंगल एंट्री मिळाला असेल तर क्रोएशियातून मोस्तार किंवा कोटोरला जाऊन परत क्रोएशियात येता येत नाही, ही चूक फार जण करतात. पूर्वी तर स्प्लिटहून दुब्रोव्हनिकला रस्त्याने जातानाच मधे बोस्नियाचा नेउमजवळचा वीसेक किलोमीटरचा किनारा लागायचा आणि दोनदा पासपोर्ट दाखवावा लागायचा, २०२२ मध्ये पेल्येशात्सचा पूल झाला आणि ती कटकट गेली. तरी बसचं तिकीट काढताना ती पुलावरून जाते ना एवढं विचारून घ्या, आणि निघण्याआधी सगळे नियम त्या त्या दूतावासाच्या साइटवर परत बघा, ते बदलत असतात.

आता क्रोएशिया. स्प्लिटबद्दल मला फार अपेक्षा नव्हती, आणि तेच सगळ्यात आवडलं. रोमन सम्राट डायोक्लेशियनने सन ३०५ च्या सुमाराला निवृत्तीसाठी बांधलेला राजवाडा म्हणजेच आजचं जुनं गाव, लोक त्याच्या आत राहतात, खिडक्यांतून कपडे वाळत घातलेले असतात, खाली तळघरात दुकानं. ज्याने ख्रिश्चनांचा छळ केला त्याच्याच समाधीच्या इमारतीत आज त्याने मारलेल्या संताच्या नावाचं कॅथेड्रल आहे. नवरा तिथे दोन तास हलला नाही. आणि मला समुद्र हवा होता तर तिथून बाचवित्से बीच चालत पंधरा मिनिटं, वाळूचा उथळ बीच आहे, माणसं गुडघाभर पाण्यात एक छोटा चेंडू पाण्याला टेकू न देता उडवत राहतात, पित्सिगिन म्हणतात त्या खेळाला, आजोबा लोकसुद्धा पाण्यात सूर मारून चेंडू उचलतात. बंदरातून ब्राच बेटावर फेरीने पन्नास मिनिटांत जाता येतं, वेळेवर सुटते, वेळेवर पोचते, तिकीट मोबाइलवर. क्रोएशियाचं सगळं असं आहे, ठरवाल तसं होतं.

दुब्रोव्हनिक सुंदर आहे याबद्दल वाद नाही. १९४० मीटर लांबीची भिंत, वरून एका बाजूला लाल कौलं आणि दुसऱ्या बाजूला समुद्र. यातली बरीच कौलं नवी आहेत, १९९१-९२ च्या वेढ्यात तोफगोळ्यांनी छपरं फुटली होती, हे माहीत असलं की त्या लाल रंगाकडे वेगळ्या नजरेने बघितलं जातं. वेशीवर त्यांच्या संत व्लाहोची मूर्ती आहे, हातात गावाचं छोटं मॉडेल धरलेली. हाच संत ब्लेझ, म्हणजे पोर्तुगीजमधला साओ ब्राझ, आणि त्याच्या नावाचं एक जुनं चर्च आपल्या जुन्या गोव्याजवळ आहे, ते दुब्रोव्हनिकच्या व्यापाऱ्यांशी जोडलं जातं. हे मला जायच्या आधीपासून माहीत होतं, त्यामुळे ती मूर्ती बघून आपलं कुणीतरी भेटल्यासारखं वाटलं.

पण भिंतीवर चढायला माणशी ३५ ते ४० युरो, म्हणजे दोघांचे सात-आठ हजार रुपये, आणि सकाळी दहानंतर क्रूझची माणसं आली की मुख्य रस्त्यावर आपल्या चालीने चालतासुद्धा येत नाही. खोल्या महाग, आणि स्वस्त असतील त्या जिन्यांवर. आमची खोली बस थांब्यापासून शंभराच्या वर पायऱ्या चढून होती आणि फोटोत एकही पायरी दिसत नव्हती, बॅगा ओढताना जीव गेला. गुडघ्याचा त्रास असेल तर घरमालकाला पायऱ्या किती ते लिहून विचारा. माझं मत, दुब्रोव्हनिकला एक रात्र पुरे, भिंत उघडताक्षणी सकाळी चढा आणि दुपारी निघा. उरलेले दिवस बेटांवर घालवा.

मोस्तार थोडक्यात सांगते. १५६६ चा दगडी पूल, ९ नोव्हेंबर १९९३ ला युद्धात तोफा डागून पाडला, २००४ मध्ये तशाच दगडात परत उभा केला. तरुण मुलं त्यावरून वीसेक मीटर खाली नेरेत्वा नदीच्या गार पाण्यात उड्या मारतात. दिवसभराच्या टूरने आलात तर फक्त गर्दी दिसेल, राहिलात तर संध्याकाळी सहानंतर गाव तुमचं. मात्र जुलैत भट्टी असते, आम्हाला ३९ डिग्री लागले. पुलाचा दगड इतका गुळगुळीत झालाय की साध्या चपलेने घसरायला होतं.

कोटोरबद्दल मात्र मला थांबून लिहायचंय. समुद्र डोंगरांच्या आत इतका शिरलाय की पाणी तळ्यासारखं स्थिर, चारी बाजूंनी करड्या खडकाचे कडे आणि त्यांच्या पायथ्याशी चिकटून गावं. आपल्याकडे खाडी म्हटलं की गढूळ पाणी, चिखल, भरतीला वर येणारी होडी डोळ्यांसमोर येते. इथे भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच, फूटभराचा फरक, त्यामुळे घरांच्या पायऱ्या सरळ पाण्यात उतरतात आणि लोक अंगणातून उतरावं तसे पोहायला उतरतात. किनारा सगळा चुनखडीचा, गाळ आणणाऱ्या मोठ्या नद्या फारशा नाहीत, म्हणून पाणी तळापर्यंत दिसतं.

आम्ही कोटोर गावात न राहता त्याच खाडीवरच्या पेरास्तला राहिलो आणि हा सगळ्या ट्रिपमधला सर्वात चांगला निर्णय ठरला. एकच रस्ता, त्याच्या कडेला जुन्या खलाशांचे दगडी वाडे, समोर पाण्यात दोन बेटं. त्यातलं एक माणसांनी बनवलंय, खडकावर वर्षानुवर्षं दगड टाकून आणि जुनी जहाजं बुडवून, आणि अजूनही दर २२ जुलैला संध्याकाळी गावातले लोक होड्या एकमेकींना बांधून दगड टाकायला जातात. आमचं ते एका आठवड्याने हुकलं, तुम्ही तारखा जुळवा. कोटोरच्या किल्ल्यावर तेराशे पन्नास पायऱ्या आहेत, तिकीट १५ युरो, सकाळी सातच्या आत सुरू केलं तर सावलीत चढून होतं. सिंहगड चढणाऱ्याला अवघड नाही. मॉन्टेनेग्रोच्याच किनाऱ्यावरच्या बुडवाला आम्ही अर्धा दिवस गेलो, उंच हॉटेलं आणि रात्रीचा गोंगाट, मी सुचवणार नाही. इथेही युरोच चालतो, खर्च दुब्रोव्हनिकपेक्षा बराच कमी पण स्वस्त म्हणता येणार नाही.

अल्बेनियाला पोचलो तेव्हा पहिल्या दिवशी नवरा वैतागला होता, दुसऱ्या दिवशी खूश. वैताग वाहतुकीचा. बसस्टँड म्हणजे कधी कधी नुसता एक चौक असतो, फुर्गोन नावाच्या मिनीबस भरल्या की सुटतात, आमची नऊची सव्वादहाला सुटली. पण त्या सव्वा तासात शेजारच्या बाईंनी आम्हाला अंजिरं दिली, कुठून आलात विचारलं, इंडिया म्हटल्यावर छातीवर हात ठेवून मदर तेरेसांचं नाव घेतलं. त्या जन्मल्या स्कोपियेला पण घराणं अल्बेनियन, तिरानाचा विमानतळही त्यांच्याच नावाचा आहे. क्रोएशियात आठ दिवसांत आमच्याशी कुणी वाईट वागलं नाही पण कुणी असं बोललंही नाही.

पैशांचा हिशोब सोपा, सध्या शंभर लेक (अल्बेनियाचं चलन) म्हणजे साधारण एक युरो, म्हणजे लेक जवळपास आपला रुपयाच. फक्त एक लक्षात ठेवा, १९६५ मध्ये त्यांनी नोटांवरचं एक शून्य उडवलं तरी लोकांच्या बोलण्यातून ते अजून गेलेलं नाही, पाचशेच्या वस्तूला पाच हजार म्हणतात. फसवत नाहीत, दचकू नका, शांतपणे कॅल्क्युलेटरवर आकडा दाखवायला सांगा. कॅश लागतेच, आणि क्रोएशियात दोघांचं साधं जेवण ज्या पैशांत झालं त्यात इथे जेवण, गोड आणि कॉफी असं सगळं व्हायचं.

समुद्रासाठी सगळे क्सामिलचं नाव घेतात. पाण्याचा रंग खरंच अविश्वसनीय आहे पण जुलैत छत्र्या आणि खुर्च्यांमधून किनारा दिसतच नाही आणि त्या खुर्च्यांचे वेगळे पैसे. त्यापेक्षा हिमारा घ्या, मोठा किनारा, गावात राहणारी माणसं, आणि तिथून गिपेसारखा डोंगरातून अर्धा तास उतरून जायचा बीच गाठता येतो. क्सामिलच्या जवळचं बुत्रिंत मात्र सोडू नका, ग्रीक, रोमन, व्हेनिशियन सगळ्यांचे अवशेष एकाच झाडीत, जुन्या ग्रीक थिएटरमध्ये पाणी साचलेलं आणि त्यात कासवं. आणि एक-दोन रात्री जिरोकास्तरला, डोंगरउतारावरचं दगडी छपरांचं गाव, हुकूमशहा एन्व्हर होजा याच गावचा, त्याच्या काळातले काँक्रीटचे बंकर देशभर शेतांत अजून दिसतात. गाडी लागत असेल तर लोगाराच्या घाटाआधी गोळी घ्या, घाटमाथा हजार मीटरवर आहे आणि वळणं वरंध्यासारखी, आता खालून बोगदा झालाय पण वरचा रस्ता चुकवू नये, वळण घेतलं की एकदम सगळा समुद्र पायाखाली येतो.

खाण्याचं. मी शाकाहारी, तो सगळं खातो. क्रोएशियाच्या किनाऱ्यावर मला पिझ्झा, पास्ता आणि ब्लित्वा म्हणजे बटाटा घातलेली पालेभाजी, चार दिवसांनी कंटाळा येतो. बोस्नियात बुरेक म्हणजे खिम्याचाच, त्यामुळे बुरेक मागू नका, पालकाचं हवं तर झेल्यानित्सा, चीजचं हवं तर सिरनित्सा म्हणा. अल्बेनियात ब्यूरेक पालकाचा सहज मिळतो, आणि फर्गेसा म्हणजे भोपळी मिरची, टोमॅटो आणि दहीचीज एकत्र शिजवलेलं, भाकरी असती तर मी रोज तेच खाल्लं असतं. दाण्याची चटणी आणि मेतकूट न्या, तूप आणि पेढे नेऊ नका, युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. क्रोएशियात रविवारी बरीच दुकानं बंद असतात, कायदाच आहे, शनिवारी सामान भरून ठेवा.

तर आता तुमच्यासाठी. पहिल्यांदाच युरोपला चाललात, सगळं ठरलेलं हवंय आणि खर्चाची तयारी आहे, तर स्प्लिट चार रात्री, एखादं बेट तीन, दुब्रोव्हनिक एक, पेरास्त दोन. परतीचं विमान मॉन्टेनेग्रोतल्याच तिवात किंवा पोदगोरिकाहून धरलंत तर परत शेंगेनमध्ये शिरायला नको. युरोप आधी बघितलाय, पासपोर्टवर वापरलेला मल्टिपल एंट्री शेंगेन आहे आणि माणसांशी बोलायला आवडतं, तर तिरानाला उतरा, बेरात (अल्बेनियातलंच जुनं गाव) एक, जिरोकास्तर दोन, सारांदा दोन, हिमारा चार, एक दिवस हाताशी ठेवा. आमच्या मैत्रिणीने मागच्याच आठवड्यात हा दुसरा प्लॅन सप्टेंबरसाठी बुक केला. सप्टेंबरात पाणी जूनपेक्षा गरम असतं आणि गर्दी ओसरलेली असते, तिला मी माझे पाण्यातले रबरी शूज देऊन टाकलेत, कारण यातला कुठलाही किनारा घेतलात तरी बहुतेक ठिकाणी पायाखाली गोटेच येतात, आणि गोट्यांमध्ये काटेवाले सी अर्चिन.