पार्टीवार खतावणी एक्सेलमध्ये: फिल्टर सूत्र, पिव्होट की लूपचा मॅक्रो?

सोलापुरात टॉवेल-चादरीच्या कारखान्यांत रोजची चलनं एकाच रजिस्टर शीटवर चढतात: तारीख, चलन नंबर, पार्टी, माल, डझन, रक्कम. पार्टीच्या शीट मात्र वेगळ्या. महिनाअखेरी घाईत कॉपी-पेस्ट केलं की हैदराबादचं चलन विजापूरच्या खात्यात जाऊन बसतं. ही खतावणी एक्सेलवर सोपवायची असेल, तर आधी एवढंच ठरवा: पार्टीच्या शीटवर तुम्ही हाताने काही लिहिता का?

नुसतं बघायचं असेल तर फिल्टर सूत्र पुरे. त्याला एक्सेल 2021 किंवा त्यापुढचं, नाहीतर 365 लागतं. 2019 मध्ये ते नाही. बी1 मध्ये पार्टीचं नाव, ए4 मध्ये सूत्र, की नवं चलन आपोआप दिसू लागतं. खालचे सेल मोकळे नसले तर स्पिल एरर येते, ती लगेच कळते. न कळणारी चूक शेऱ्यांची. रजिस्टरमध्ये कुणी जुनं चलन मध्येच घातलं की सूत्राच्या ओळी खाली सरकतात, पण शेजारी टाइप केलेलं ‘चेक आला’ जागचं हलत नाही. पैसे एका चलनाचे, शेरा दुसऱ्यापुढे.

महिन्यातून एकदा छापील हिशेब द्यायचा असेल तर पिव्होट, म्हणजे रजिस्टरवरून आपोआप बनणारा गोषवाऱ्याचा तक्ता, बरा. पार्टी फिल्टरच्या खान्यात ठेवा आणि ऑप्शन्सच्या बाणातून ‘शो रिपोर्ट फिल्टर पेजेस’ निवडा. तो प्रत्येक पार्टीची नवी शीट काढतो. तुमच्या जुन्या शीटमध्ये भर घालत नाही.

शेरे, वसुली, ठरलेला फॉर्म असं सगळं शीटवर असेल तर मॅक्रोच हवा, म्हणजे एक्सेलमध्ये लिहिलेला छोटा प्रोग्राम. त्यातला लूप, म्हणजे ओळीओळीला तेच काम करणारा भाग, दुसऱ्या ओळीपासून शेवटच्या भरलेल्या ओळीपर्यंत जातो, पार्टीचं नाव वाचतो, त्या नावाच्या शीटवर पहिल्या मोकळ्या ओळीत माल चढवतो आणि रजिस्टरच्या जी कॉलममध्ये ‘चढले’ लिहितो. ही खूण सोडू नका. ती नसेल तर दुसऱ्यांदा चालवताच सगळं दुप्पट होतं, आणि मॅक्रोने केलेलं कंट्रोल-झेडने परत येत नाही.

एरर 9 आली म्हणजे त्या नावाची शीट सापडली नाही. बहुधा नावामागे एक स्पेस असते, ती काढणारं ट्रिम फंक्शन लावा. ‘ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट’ (चूक सोडून पुढे जा) लिहून ती एरर दाबणं सर्वांत घातक, कारण शीट लक्षात ठेवणाऱ्या व्हेरिएबलमध्ये मागचीच शीट राहते आणि चलन आधीच्या पार्टीला चढतं. प्रत्येक फेरीत व्हेरिएबल आधी नथिंग, म्हणजे रिकामं, करा. पार्टीला नाव नसून कोड असेल, समजा 12, तर तो मजकुरात बदलून द्या. आकडा दिला तर एक्सेल क्रमाने बारावी शीट उघडतं. ओळी मोजणारा काउंटर लाँग या प्रकारचा ठेवा, इंटिजर प्रकारचा 32,767 च्या पुढे एरर 6 देतो.

मराठी नावं कोडमध्ये लिहू नका. मॅक्रो ज्या भाषेत लिहितात त्या व्हीबीएच्या एडिटरमध्ये देवनागरीची प्रश्नचिन्हं होतात. नाव सेलमधूनच वाचा. शीटच्या नावाला 31 अक्षरांची मर्यादा आहे, त्यात काना-वेलांट्याही मोजल्या जातात, आणि तिरपी रेघ चालत नाही.

ओळी वीस हजार नि पार्ट्या चाळीस असतील, तर ओळीओळीने फिरण्यापेक्षा मॅक्रोतूनच पार्टीगणिक ऑटोफिल्टर (फक्त त्या पार्टीच्या ओळी दाखवणारी सोय) लावून कॉपी करा. चाळीस फेऱ्यांत काम होतं.

मॅक्रो संपला की रजिस्टरमधले डझन आणि सर्व शीटचे मिळून डझन ताडून पाहा. फरक निघाला तर फाइल सेव्ह न करता बंद करा.