गोळी की ताट?

इन्शुलिन रेझिस्टन्समध्ये रक्तातली साखर आटोक्यात ठेवणारं इन्शुलिन भरपूर असतं, पण स्नायू आणि यकृत त्याला दाद देत नाहीत. जास्तीचं इन्शुलिन तयार करून स्वादुपिंड थकलं की मधुमेह. मग मधुमेह होण्याआधीच मेटफॉर्मिनची गोळी घ्यावी, की ताट बदलावं?

2002 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत आहार, 7 टक्के वजन घटवणं आणि आठवड्याला 150 मिनिटं व्यायाम यांनी मधुमेहाचा धोका 58 टक्क्यांनी घटला, गोळीनं 31. साठीपुढे तर गोळीचा फारसा उपयोग दिसला नाही.

आपल्याकडे मात्र फरक नावालाच. 2006 च्या भारतीय चाचणीत आहार-व्यायाम 28.5, गोळी 26.4 आणि दोन्ही एकत्र 28.2! म्हणजे दुप्पट खटाटोप करून जास्तीचं काही हाती लागलं नाही.

माझं मत तरी ताटालाच. भात निम्मा, उसळ दुप्पट, चहा बिनसाखरेचा. गोळीनं पोट बिघडू शकतं, वर्षानुवर्षं घेतली तर बी-12 कमी होऊ शकतं. अर्थात लग्नाच्या पंगतीत जिलबीला नाही म्हणायला गोळी सांगत नाही, हेही खरंच. वजन फारच जास्त असेल किंवा गरोदरपणात मधुमेह झाला असेल, तर मात्र गोळीबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा.