सासूबाई, लेक आणि नाक्सोस

ग्रीसचं बेट म्हटलं की ट्रॅव्हल एजंट आधी सँटोरिनीचा फोटो पुढे सरकवतो. कड्यावरची पांढरी घरं, निळे घुमट, खाली खोल समुद्र. सँटोरिनी तशी आहेच, त्यात वाद नाही. पण सोबत सात वर्षांची मुलगी आणि गुडघ्यांनी बेजार झालेल्या सासूबाई असतील आणि सुट्टी जेमतेम आठवड्याची असेल, तर मी ठामपणे सांगते: नाक्सोसला जा आणि तिथेच मुक्काम ठोका.

आम्हाला सुरुवातीला जो कार्यक्रम आखून मिळाला होता त्यात एका आठवड्यात तीन बेटं होती. कागदावर छान दिसतं ते. प्रत्यक्षात बेट बदलायचं म्हणजे सकाळी खोली सोडायची, बॅगा घेऊन बंदरावर बसायचं, बोट उशिरा आली तर उन्हात आणखी बसायचं, आणि नव्या खोलीची किल्ली दुपारी तीनला हातात पडायची. एका उडीत अख्खा दिवस जातो. मी दोन बेटांवर काट मारली, आणि या सहलीचा सगळ्यांत चांगला निर्णय तोच होता.

जायचं कसं? नाक्सोसला छोटा विमानतळ आहे, अथेन्सहून पाऊण तासात पोचता येतं. पण आम्ही बोटच घेतली. अथेन्सच्या विमानतळावरून मेट्रोची ३ नंबरची लाइन थेट पिरेअस बंदरापर्यंत जाते (२०२२पासून), तिकीट ९ युरो, वेळ साधारण तासभर. रात्री पिरेअसला राहिलो, सकाळी साडेसातच्या सुमाराची ब्लू स्टार कंपनीची मोठी बोट पकडली. पारोसला थांबून ती पाच-सव्वापाच तासांत नाक्सोसला लागते. याच मार्गावर झटपट जाणाऱ्या कॅटामरान बोटीही आहेत, दीड-दोन तास वाचतात, पैसे जास्त लागतात. त्यांत बहुतेक वेळ आत खुर्चीतच बसायचं, आणि वारा सुटला की हेलकावे फार. लहान मूल आणि म्हातारं माणूस असेल तर मोठीच बोट घ्या. तिच्यात गाड्यांच्या डेकवर बेटांच्या नावांचे रॅक असतात, आपल्या बेटाच्या रॅकवर जड बॅगा ठेवायच्या आणि सरकत्या जिन्याने वर जायचं. सासूबाईंना एकही पायरी चढावी लागली नाही. मुलगी सगळा वेळ बाहेरच्या डेकवर, कठड्याला चिकटून, येणारं प्रत्येक बेट मोजत होती. पाच ते दहा वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट पडतं.

राहायला आम्ही आयिओस योर्गिओस निवडलं. हा किनारा गावाला, म्हणजे खोरा नावाच्या मुख्य वस्तीला, लागूनच आहे. आयिओस प्रोकोपिओस आणि प्लाका हे किनारे फोटोत जास्त देखणे दिसतात, आणि आहेतही. प्लाकाची वाळू तर चालून संपत नाही. पण प्रोकोपिओसला पाणी चटकन खोल होतं. योर्गिओसला तुम्ही आत जात राहता, जात राहता, आणि पाणी आपलं गुडघ्याशीच. आमची लेक हात पसरून त्यात आडवी पडायची, बोटांनी तळाची वाळू उकरायची, पुन्हा उठायची. मला काठावर बसून निवांत तिच्याकडे बघता यायचं, एवढं पाणी नितळ. सासूबाई पहिल्या दिवशी चपला हातात घेऊन घोट्याभर पाण्यात उभ्या राहिल्या, दुसऱ्या दिवशी कमरेपर्यंत गेल्या, आणि नंतर रोज सकाळी त्याच आम्हाला उठवायला लागल्या, "चला गं, ऊन व्हायच्या आत." गुडघ्यांना पाण्यात बरं वाटतं म्हणाल्या. एवढ्यासाठीसुद्धा मी नाक्सोसला पाचपैकी पाच तारे देईन.

स्टुडिओबद्दल मात्र पूर्ण समाधान नाही. स्वयंपाकाचा ओटा, फ्रिज, गॅलरी, सगळं ठीकठाक. मालकीणबाईही प्रेमळ, आल्या दिवशीच घरच्या लिंबांची पिशवी देऊन गेल्या. पण जाहिरातीत "तळमजला" लिहिलं होतं आणि दारापर्यंत नऊ उंच पायऱ्या होत्या, कठड्याशिवाय. ज्येष्ठ माणसं सोबत असतील तर बुकिंग करताना पायऱ्या किती, कठडा आहे का, न्हाणीघरात उंबरा आहे का, हे लेखी विचारून घ्या. फोटोत यातलं काही दिसत नाही. शिवाय बेटांवर कागद कमोडमध्ये टाकायचा नसतो, शेजारच्या डब्यात टाकायचा. मुलांना पहिल्याच दिवशी बजावून ठेवा. पिण्यासाठी सगळे बाटलीचंच पाणी घेतात.

खोलीच्या भाड्यावर सरकारी कर वेगळा भरावा लागतो, पर्यटक हंगामात जास्त. हंगामात तीन तारांकित हॉटेलला एका खोलीमागे रात्रीला ५ युरो, चारला १०, पाचला १५. बुकिंगच्या रकमेत तो बहुधा धरलेला नसतो.

आता जेवण. मी, नवरा आणि लेक सगळं खातो, सासूबाई शुद्ध शाकाहारी. निघण्यापूर्वी त्यांनी दोन डबे चिवडा आणि मेथीचे ठेपले बांधून घेतले होते. ठेपले बोटीवर संपले, चिवड्याचा एक डबा न उघडताच राहिला. ग्रीक घरगुती स्वयंपाकात तेलात शिजवलेल्या भाज्यांचा मोठा प्रकार आहे, कारण तिथल्या ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचे उपासाचे दिवस पुष्कळ आणि त्या दिवसांत मांस, अंडी, दूध सगळंच वर्ज्य. त्यामुळे ताव्हेर्नात, म्हणजे तिथल्या साध्या खाणावळीत, "निस्तीसिमो" (उपासाचं) म्हटलं की वेटरला लगेच कळतं. एक सावधगिरी बाळगा: त्यांच्या उपासाला ऑक्टोपस आणि कोळंबी चालते! म्हणून "मासळीही नको" हे वेगळं सांगा.

सासूबाईंचे आवडते पदार्थ सांगते. यिगांतेस, म्हणजे टोमॅटोत भाजलेले अंगठ्याएवढे पांढरे वाल. फावा, पिवळ्या डाळीचं, आपल्या घट्ट वरणासारखं, वर कच्चा कांदा आणि ऑलिव्ह तेल. येमिस्ता, भात भरून भाजलेले टोमॅटो आणि ढोबळी मिरची. यात कधी खिमा असतो, विचारून घ्या. आणि नाक्सोसचे बटाटे. हे बेट बटाट्यांसाठी ग्रीसभर प्रसिद्ध आहे, आणि तळलेली बटाट्याची काप इथे ताज्या बटाट्यांची, ऑलिव्ह तेलात तळलेली मिळतात, वर किसलेलं ग्राव्हिएरा चीज. लेकीचं रोजचं जेवण तेच. गावात बंदराकाठच्या झगमगीत रेस्टॉरंटांपेक्षा आतल्या गल्लीतली ताव्हेर्ना निवडा, जिथे काचेमागे शिजलेली भांडी दिसतात. बोट दाखवायचं आणि मागवायचं. टेबलावर न मागता ब्रेड येतो, त्याचे माणशी थोडे पैसे बिलात लागतात, तो रिवाजच आहे. चौघांचं भरपेट जेवण साधारण ५५ युरोंत व्हायचं. एकच अडचण, स्थानिक लोक रात्री नऊनंतर जेवतात. आम्ही साडेसातला जायचो, रिकामं टेबल हमखास.

एक दिवस गाडी भाड्याने घेऊन बेटाच्या आतल्या भागात गेलो. भारतीय लायसन्सबरोबर आंतरराष्ट्रीय परवाना लागतो, तो घरून काढून न्या. गाडीवाल्याने लेकीसाठी जी सीट आणली तिचा पट्टा फाटलेला होता. "जवळच तर जायचंय" म्हणायला लागला. मी दुसरी सीट येईपर्यंत गाडी ताब्यात घेतली नाही, आणि तुम्हीही घेऊ नका. घाटातले रस्ते अरुंद आहेत, वळणावळणाला शेळ्या आडव्या येतात.

फ्लेरिओला बागेत, झाडांच्या सावलीत, संगमरवराचा एक भलामोठा तरुण उताणा पडलेला आहे. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातला हा कूरोस, म्हणजे तरुणाचा पुतळा. खाणीतून नेताना पाय मोडला असावा आणि कारागीर तिथेच टाकून निघून गेले. काचेची पेटी नाही, तिकीट नाही. लेक त्याच्या शेजारी गुडघे टेकून बसली आणि बराच वेळ मोडलेल्या पायाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "याला कुणी परत न्यायला नाही आलं?" सासूबाईंनी तिला जवळ घेतलं आणि पुढची सगळी वाट त्या दोघी त्याच्यासाठी गोष्ट रचत होत्या. संग्रहालयात हे झालं नसतं.

तिथून हाल्की. या छोट्या गावात वालिंद्रास कुटुंबाची १८९६ची भट्टी आहे, जिथे किट्रो नावाच्या मोठ्या लिंबाच्या पानांपासून मद्य बनवतात. हो, फळापासून नाही, पानांपासून. तांब्याचं जुनं भांडं अजून तिथेच आहे. हिरवं सर्वांत गोड आणि सौम्य, पिवळं सर्वांत कडक. नवऱ्याने पिवळं घेतलं. आम्ही बायकांनी चौकात बसून गालाक्तोबूरेको खाल्लं, कुरकुरीत पापुद्र्यांत दुधाचं दाट सारण आणि वर पाक. पुढे आपिरांथोस गाव आहे, गल्ल्यांत संगमरवरी फरशी, फार देखणं, पण सगळी चढउतार. सासूबाई खालच्या कॅफेत बसल्या, आम्ही पटकन फेरी मारून आलो.

बंदराजवळचा पोर्तारा, अपोलोच्या कधीच पूर्ण न झालेल्या देवळाचा संगमरवरी दरवाजा, सूर्यास्ताला बघतातच सगळे. तिथवरची पायवाट पाण्यातून बांधलेली आहे, जोरदार वारा असतो. टोपी हातात धरा.

वाऱ्याचं मनावर घ्या. जुलै-ऑगस्टमध्ये मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा दिवसेंदिवस वाहतो, फार वाढला की बोटी बंद होतात. १५ ऑगस्टला मेरीमातेचा मोठा सण, त्याच्या आगेमागे बोटी आणि खोल्या मिळणं मुश्कील. आम्ही जूनच्या सुरुवातीला गेलो, पाणी सकाळी जरा गार, पण गर्दी नव्हती. समुद्र ऊबदार हवा असेल तर सप्टेंबर.

व्हिसा शेंगेनचा. शुल्क मोठ्यांना ९० युरो, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ४५, प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. विमा किमान ३०,००० युरोंचा. मे-जूनच्या भेटीच्या वेळा भराभर भरतात, तेव्हा हे काम आधी उरका, खोल्यांचे फोटो नंतर बघा.

आणि परतीचं विमान ज्या दिवशी असेल, त्याच्या आदल्या दिवशीच बेट सोडा. त्याच दिवशीची बोट पकडून विमान गाठायचा बेत कितीही स्वस्त पडला तरी करू नका. वाऱ्याने बोट रद्द झाली तर कंपनी पैसे परत देते किंवा पुढच्या बोटीत बसवते, विमानाचे पैसे कुणी देत नाही. आम्ही शेवटची रात्र अथेन्समध्ये ठेवली, आणि सासूबाईंना हॉटेलच्या गच्चीवरून, खुर्चीत बसून, टेकडीवरचा प्राचीन ॲक्रोपोलिस बघायला मिळाला.