'आमची स्वतःची लँग्वेज' विकणाऱ्यांपासून सावध

गोव्यात कळंगुटच्या एका गेस्ट हाऊसला बुकिंग-बिलिंगचं सॉफ्टवेअर विकलं गेलं. डेमो झकास, दर इतरांच्या निम्मा. "आमची स्वतःची लँग्वेज आहे सर, फॉर्म चुटकीसरशी होतो." फॉर्म होतो, हे खरं. पण ती प्रोग्रामिंगची लँग्वेज त्यांच्या फ्रेमवर्कबाहेर, म्हणजे त्यांनीच बांधलेल्या सांगाड्याबाहेर, चालत नाही, आणि ती येणारा माणूस पेडण्यापासून काणकोणपर्यंत मिळत नाही.

२२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी बदलला. रोजच्या साडेसात हजार भाड्यापर्यंतच्या खोलीवर १२ ऐवजी ५ टक्के, तेही इनपुट क्रेडिटशिवाय (म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट नाही). बिलावर मात्र सीजीएसटी ६, एसजीएसटी ६ छापून येतच राहिलं. दर डेटाबेसच्या टेबलात (बदलता येणाऱ्या तक्त्यात) ठेवलेलाच नव्हता, फॉर्मच्या कोडात कोरला होता. टेबलात असता तर लागू तारखेसह अडीच-अडीचची नोंद केली की संपलं! (जादा घेतलेला कर खिशात ठेवता येत नाही, सरकारजमा करावा लागतो.) विक्रेत्याने 'नवीन व्हर्जन'चे म्हणून मूळ किमतीच्या निम्मे मागितले. सीझन तोंडावर. दुसरा प्रोग्रामर आणला, तर डेटाबेसचा पासवर्ड विक्रेत्याकडे आणि बॅकअप फक्त त्यांच्याच सॉफ्टवेअरात उघडणारा. पैसे मोजावे लागले.

साधन मोठ्या कंपनीचं असलं तरी मरतं. व्हिज्युअल फॉक्सप्रो या डेटाबेस-प्रोग्रामिंगच्या साधनाचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०१५ मध्ये संपवला. पण त्याची डीबीएफ ही डेटाची फाइल लिबरऑफिस या फुकट ऑफिस सॉफ्टवेअरमध्येही उघडते, म्हणून डेटा तरी हाती राहतो.

कागदही तपासा. बाहेरच्या माणसाने लिहिलेल्या कोडचा कॉपीराइट नुसतं बिल चुकवून तुमचा होत नाही, लेखी हस्तांतरण लागतं. त्यात मुदत लिहिली नाही, तर १९५७ च्या कायद्यानुसार पाचच वर्षं धरली जातात.

जावा, सी शार्प, पायथन, पीएचपी या सर्रास चालणाऱ्या लँग्वेजमध्येही भिकार कोड लिहिणारे आहेतच. पण तो वाचायला दुसरा कोणी मिळतो. "जावातच आहे" एवढ्यावर मात्र विसंबू नका. कवच जावाचं आणि हिशेबाचे नियम त्यांच्याच स्क्रिप्टमध्ये, असा प्रकार चालतो. कर मोजणारी ओळ समोर उघडून दाखवायला सांगा. 'सोर्स' (मूळ कोड) म्हणून नुसत्या डीएलएल फाइल्स, म्हणजे मशीनसाठी तयार झालेला कोड, टेकवल्या तर परत करा. शेवटचे ३० टक्के हातात ठेवा. कोऱ्या लॅपटॉपवर तुमच्या माणसाने सोर्समधून सॉफ्टवेअर बांधावं, कालचा बॅकअप चढवावा आणि गेल्या महिन्याची बिलं पैशापैशाने जुळवावीत, चेक त्यानंतर.